आधी मान, मग रंग

नागपुरात ‘गाडी’ म्हटलं की दुचाकी समजायची. चारचाकीला वेगळं नाव घ्यावं लागतं. इथल्या घराचं वय त्याच्या गाड्यांवरून मोजता येतं. दुधाच्या कॅना लटकवून शहरात येणारी राजदूत, नोकरी लागल्याची खूण असलेली येझदी, १९८५ नंतरच्या कॉलेजांच्या फाटकासमोरची आरएक्स १००, आणि मग बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून त्याच्या भावाकडे जाणारी स्प्लेंडर. या गाड्यांच्या आयुष्यात आपटण्याचा दिवस बहुधा येतोच. माणूस वाचला, प्लास्टर निघालं, की अंगणात ताडपत्रीखाली पडलेल्या सांगाड्याचा प्रश्न उरतो. कुणी म्हणतं, अपशकुनी गाडी आहे, देऊन टाका कबाड्याला. कुणी म्हणतं, बनवून घेऊ. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. तुटलेली गाडी कमी पैशात पुन्हा उभी करणं हे शहाणपणाचं काम असू शकतं, असं माझं मत आहे. अट एकच, आणि ती पैसा किती आहे याची नाही. असलेला पैसा कोणत्या क्रमाने खर्च होतो, याची ती अट आहे.

‘विमा आहे की, नवीन घ्या’ हा सल्ला देणाऱ्याने विम्याचा कागद उघडून पाहावा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. स्वतःच्या गाडीच्या डागडुजीचा एक रुपयाही त्यातून येत नाही. स्वतःच्या नुकसानीचा भाग जुन्या गाड्यांचे मालक बहुतेक वेळा सोडून देतात. ज्यांनी घेतलेला असतो त्यांनाही नेहमीच्या पॉलिसीत घसारा कापूनच पैसे मिळतात: रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर निम्मे, आणि गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर लोखंडी भागांवर ४० टक्के. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की कंपनी ती पूर्ण बाद धरते, आणि ती किंमत तोवर इतकी घसरलेली असते की त्यात नवी गाडी येत नाही. म्हणजे निवड नवी की जुनी अशी नसतेच. गाडी असणं की नसणं, अशी ती असते. बुटीबोरीच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याला हा फरक चांगला कळतो. नागपूरची मेट्रो पहिल्या टप्प्यात खापरीपर्यंत गेली; बुटीबोरी तिथून बरीच पुढे आहे.

आता क्रमाबद्दल. समोरून धडकलेल्या गाडीत आधी फुटतो तो हेडलाइट, वाकतो तो हँडल, आणि डोळ्यांत भरतो तो टाकीचा पोचा. खरं नुकसान मात्र मानेत असतं, म्हणजे चेसीच्या ज्या नळीत हँडलचा टी बसतो तिथे. धक्का पुढच्या चाकातून शॉकअपमध्ये, शॉकअपमधून टीमध्ये आणि तिथून या मानेत येतो. मानेच्या जोडावरचा रंग केसासारखा तडकलेला दिसला तर खालच्या लोखंडाबद्दल शंका घ्यायलाच हवी. चांगला मिस्तरी गाडी उघडी करून पुढच्या-मागच्या चाकांना दोरी लावतो आणि दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघतो. नसली तर चेसी वाकली आहे की मागचा चिमटा, हे शोधतो. शॉकअपचे पाइप सपाट काचेवर लोटून बघतो. वाकलेला पाइप लोळताना डुलतो. तो प्रेसवर सरळ करून देणारे भेटतात आणि स्वस्तात देतात. पण सरळ केलेल्या पाइपचा मुलामा सोलवटला की तो ऑइल सील कापतो, तेल गळतं आणि उतरत उतरत डिस्कवर जातं. स्वस्ताची किंमत मग ब्रेक दाबताना मोजावी लागते. तारांच्या रिमचं तसं नाही. ती थोडी आउट असेल तर तारा ओढून-सैल करून सरळ करता येते. ज्या काळात लोकांकडे पैसे कमी होते त्या काळाने बनवलेली ही दुरुस्त होऊ शकणारी वस्तू आहे. ओतीव मॅगव्हीलला तडा गेला तर वेल्डिंग करून घेऊ नये. ते चाक टाकून द्यावं. टायरवर चार आकडी छाप असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपुरी उन्हात रबर लवकर कडक होतं, तेव्हा नक्षी कितीही खोल दिसली तरी जुन्या बाजारातला शिळा टायर घेऊ नये. चेसी, टी, शॉकअप, चाकं, ब्रेक, मग वायरिंग, मग इंजिन, आणि सगळ्यात शेवटी लांबी भरणं आणि रंग. गंमत अशी की जिथे बचत करायला हरकत नाही, त्या याच शेवटच्या गोष्टी आहेत: मडगार्ड, साइड पॅनल, सीट, टाकी, इंडिकेटरच्या काचा. त्या कबाड्याकडून खुशाल आणाव्यात.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो मी हलका धरत नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवर होती. अशा देशात एकदा आपटलेली गाडी पुन्हा रस्त्यावर का आणायची? माझं उत्तर असं, की आपटलेल्या गाड्या रस्त्यावर येतातच. त्या न तपासता येतात हा धोका आहे. टाकीला झकास रंग मारून, वाकडा टी तसाच ठेवून विकलेली गाडी घेणाऱ्याला सांगाडा दिसत नाही. ज्याने स्वतःच्या देखत ती उघडी करून उभी केली, त्याला तिचा प्रत्येक बोल्ट माहीत असतो. मात्र मानेला तडा असेल तर माझाही युक्तिवाद तिथे संपतो. ती चेसी वाचवू नये.

दुसरा आक्षेप कायद्याचा. गाडी बनवताना थोडी आपल्या मनासारखी करावी असं कुणालाही वाटतं, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. हा निकाल मला योग्य वाटतो. पण याच कलमाच्या स्पष्टीकरणात फेरफार म्हणजे काय तेही सांगितलं आहे: वाहनाच्या रचनेतला असा बदल, ज्यामुळे त्याचं मूळ स्वरूप बदलतं. तुटलेल्या जागी त्याच मापाचा भाग बसवणं ही दुरुस्ती आहे. चेसी कापून लांब करणं, कर्णकर्कश सायलेन्सर लावणं ही दुरुस्ती नव्हे. या दोन्हींच्या मधे माणसाला शोभेल इतकी जागा उरते: पाठ दुखणाऱ्याला बसकी सीट, सामान नेणाऱ्याला मजबूत कॅरिअर. रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी, इंजिन बदलायचं तर आधी विचारावं. एमएच ३१, ४९ आणि ४० या तिन्ही नंबरांच्या मालकांना नियम एकच. एक गोष्ट मात्र मला खटकते. गाडी ‘कस्टम’ करताना पहिली उतरते ती साडी गार्ड. आपल्याकडच्या पेहरावासाठी, मागे एका बाजूला बसणाऱ्या बाईसाठी सुचलेली त्या जाळीला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम संरक्षण देतो. मागचं चाक निम्म्याहून कमी झाकलेलं चालत नाही. देखण्या गाडीच्या नादात ओढणीला मोकळं चाक देणारा कारागीर मला कारागीर वाटत नाही.

उरला आक्षेप धुराचा. भंगार धोरण संसदेत मांडलं ते मार्च २०२१ मध्ये, नागपूरच्याच खासदारांनी, नितीन गडकरींनी. जुन्या गाड्या हटाव्यात, नवीन स्वच्छ याव्यात, हा त्याचा हेतू रास्त आहे, आणि निळा धूर सोडणाऱ्या टू-स्ट्रोकची वकिली मी करणार नाही. पण खासगी वाहनांच्या बाबतीत हे धोरणही नुसत्या वयावर बोट ठेवत नाही. गाडी तपासणीत उतरते का, हे पाहतं. नीट बांधलेलं चार स्ट्रोकचं इंजिन त्या तपासणीला घाबरत नाही. शिवाय लोखंडाला पुन्हा जन्म देण्यात कमीपणा नाही, हे मोठ्या कारखान्यांनाही पटलेलं आहे. जुनी विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत मोडीत निघाल्यावर तिचा धातू घेऊन बजाजने २०१६ मध्ये ‘व्ही’ ही मोटरसायकल काढली आणि लोकांनी ती अभिमानाने घेतली. विक्रांतच्या धातूला आपण जो मान दिला, तो अंगणातल्या स्प्लेंडरच्या शाबूत चेसीलाही मिळावा.

तेव्हा ज्यांच्या अंगणात अशी गाडी ताडपत्रीखाली पडून आहे त्यांना विनंती. जुन्या बाजारातून कोणताही भाग घेताना बिल मागा, आणि नंबर खरवडलेलं इंजिन फुकट मिळालं तरी नको म्हणा. ते कुणाच्या तरी चोरीला गेलेल्या गाडीचं असू शकतं. रंगाचा डबा आणण्याआधी मानेच्या जोडावरचा रंग घासून काढा. तिथे रॉकेल किंवा डिझेल मुरू द्या, कोरड्या फडक्याने पुसा, वर खडू फासा आणि थोडा वेळ थांबा. खडू कोरडा पांढरा राहिला तर पुढच्या तपासणीला लागा. ओली रेघ उमटली तर चेसी भंगारात द्या, आणि चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून गाडीची नोंदणी रद्द करून घ्या.