अण्णांची कॅसेट आणि धाकट्याची डीव्हीडी

आमच्या नाशिकरोडच्या घरी पुढच्या खोलीत एक लाकडी कपाट आहे. त्याचे वरचे दोन कप्पे आमच्या धाकट्या भावाचे आणि खालचा एक अण्णांचा, अशी वाटणी कुणी न करताच झालेली आहे. वरच्या कप्प्यांत इंग्लंडच्या 'क्वीन' या गाणाऱ्या मंडळींच्या व्हिडिओ कॅसेटी आणि डीव्हीडी. खालच्यात अण्णांची पुस्तके, जुन्या पावत्या आणि १९९१ सालच्या तीन व्हिडिओ कॅसेटी. या दोन कप्प्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. तो कसा निघाला आणि त्यात आमची चूक कशी उघडी पडली, ते वाचक बंधू-भगिनींना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

धाकट्याला हा नाद कॉलेजात असताना लागला. १९९१ नंतर केबलवर परदेशी वाहिन्या दिसू लागल्या आणि एका संध्याकाळी त्याने फ्रेडी मर्क्युरीला पाहिले. हा गायक त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला लंडनमध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी वारला होता. मूळ नाव फारूख बलसारा. जन्माने पारशी, जन्मगाव आफ्रिकेतील झांजिबार, आणि शाळा मात्र आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथेच शाळकरी पोरांच्या 'हेक्टिक्स' नावाच्या चमूत तो पियानो वाजवत असे. "दादा, अहो हा आपल्या पाचगणीच्या शाळेतला पोरगा," असे धाकटा आम्हाला इतक्या वेळा सांगत असे की जणू त्याच्याच वर्गात होता.

१९७० च्या सुमारास इंग्लंडात 'ग्लॅम रॉक' नावाचा प्रकार निघाला. मार्क बोलन, डेव्हिड बोवी अशा गायकांनी चकाकते कपडे, उंच टाचांचे जोडे, डोळ्यांत काजळ घालून मंचावर यायला सुरुवात केली. क्वीनची सुरुवातही त्याच थाटात झाली. आम्हाला ते पाहून हसू यायचे. आई तेव्हा होती. तिने स्वयंपाकघराच्या दारातून एकदा टीव्हीकडे पाहिले आणि म्हणाली, "हसता काय? आपल्या कव्वालांचे जरीचे कोट काय कमी चमकतात?" आम्ही गप्प बसलो. १९९४ साली आई गेली.

पुढे धाकटा नोकरीला लागला, आणि पगारातला काही भाग या कॅसेटींवर जाऊ लागला. त्याच्यासारखेच वेडे तिघे मित्र दर रविवारी घरी जमत. चहा आमच्याकडून, आणि वाद त्यांचे. ते वाद ऐकून ऐकून आम्हालाही तोंडपाठ झाले आहेत. क्वीनने १९८६ सालच्या जुलैमध्ये ११ आणि १२ तारखेला लंडनच्या वेम्बली मैदानावर कार्यक्रम केले. त्यातल्या शनिवारच्या, म्हणजे १२ तारखेच्या कार्यक्रमाची व्हिडिओ कॅसेट १९९० साली निघाली, पण तिच्यातून कित्येक गाणी गाळलेली होती. २००३ साली डीव्हीडी आली तेव्हा त्या रात्रीचा सगळा कार्यक्रम पहिल्यांदा पाहायला मिळाला. एकाचे म्हणणे, आता जुनी कॅसेट रद्दीत घाला. दुसऱ्याचे म्हणणे, मी पहिल्यांदा पाहिले ते वेम्बली तेच, मला तेच हवे. तिसऱ्याला मैदानातले कार्यक्रम नकोतच. त्याला १९८१ सालच्या 'ग्रेटेस्ट फ्लिक्स' या कॅसेटीसारखी, एकेका गाण्याची मुद्दाम काढलेली चित्रफीत आवडे.

पण एका गोष्टीवर चौघांचेही एकमत होते. २००२ साली क्वीनच्या गाण्यांची एक डीव्हीडी निघाली, 'ग्रेटेस्ट व्हिडिओ हिट्स'चा पहिला भाग. जुन्या टीव्हीचे चित्र रुंदीला चार तर उंचीला तीन अशा प्रमाणात असे. नव्या टीव्हीचा पडदा सोळास नऊ, म्हणजे लांबट. जुने चित्र लांबट पडद्यावर कडेपर्यंत भरावे म्हणून काढणाऱ्यांनी ते वरून-खालून छाटले होते. या चौघांनी त्यावरून जे रान उठवले ते काही विचारू नका. कुठे कुणाच्या डोक्याचे केस कापले गेले, कुठे पेटीवरची बोटे दिसेनाशी झाली, याचा हिशेब एका रविवारी तीन तास चालला. आम्ही शेवटी न राहवून म्हणालो, "अरे, गाणं ऐकू येतंय ना? मग चार बोटं चित्र गेलं म्हणून काय बिघडलं?"

धाकटा म्हणाला, "दादा, जे गेलं त्यात काय होतं ते कापणाऱ्याला माहीत नसतं."

आम्ही ते हसण्यावारी नेले.

आता खालच्या कप्प्याकडे येतो. १९९१ हे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. त्या एप्रिलमध्ये आमच्या वस्तीत रात्रभर गायनाचा मुकाबला झाला होता. हार्मोनियम, ढोलकी, बॅन्जो, मागे कोरस, समोर ताडपत्रीवर माणसे. मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढून लग्नाचे शूटिंग करणारा व्हिडिओवाला आणला. त्याने खांद्यावरच्या कॅमेऱ्याने तीन कॅसेटी भरल्या. अण्णा मंडळाचे खजिनदार, म्हणून कॅसेटी आमच्या घरी राहिल्या. त्यात आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांची बरीच गाणी होती. १९२२ साली जन्मलेल्या वामनदादांना शाळा मिळाली नाही, अक्षरे मोठेपणी शिकावी लागली, आणि तरी त्यांची गाणी गावोगावच्या पार्ट्यांच्या तोंडी बसली. १५ मे २००४ रोजी ते नाशिकलाच वारले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. त्या उन्हाळ्यात अण्णा म्हणाले होते, "एकदा त्या कॅसेटी लावा रे." पण आमचा व्हीसीआर केव्हाच बिघडला होता, दुरुस्त करणारा सापडला नाही आणि गोष्ट राहून गेली.

ती राहिली ती गेल्या वर्षापर्यंत. अण्णा सत्त्याऐंशी वर्षांचे झाले. आम्ही आणि आमच्या ताईने ठरवले की वाढदिवसाला कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायच्या आणि मोठ्या टीव्हीवर लावून त्यांना चकित करायचे. धाकटा तेव्हा कामासाठी बाहेरगावी होता, त्याला विचारलेच नाही. दुकानदार भला माणूस. त्याने रीतसर विचारले, "साहेब, सगळं उतरवू का?" आम्ही ऐटीत सांगितले, "फक्त गाणी ठेवा. मधली माइक टेस्टिंग, पावत्या वाचणं, भाषणं, सगळं काढून टाका. आणि चित्र पूर्ण टीव्हीभर आलं पाहिजे, बाजूला काळे पट्टे नकोत." त्याने पुढे विचारले, "कॅसेटी परत नेणार का?" आम्ही म्हणालो, "काय करायच्यात? टाकून द्या."

वाचकहो, ही तीन वाक्ये आमचीच. कुणाला बोल लावायला जागा नाही.

वाढदिवसाच्या संध्याकाळी सगळे जमले. ताईची मुले, नातवंडे, शेजारचे दोघे. तिन्ही कॅसेटी मिळून ५८ मिनिटे उरली होती. चित्र टीव्हीभर, आवाज स्वच्छ, गाण्यामागून गाणे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा खुर्चीत पुढे वाकून पाहत होते. संपले तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारले, "अन् ही कुठंय?"

आम्हाला कळेना. ताईला कळले. आई त्या रात्री बायकांच्या पहिल्या रांगेत बसली होती, अगदी मंचाच्या पायाशी. म्हणजे चित्राच्या तळाला. आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत चित्राच्या दिसणाऱ्या रेषा ५७६. चारास तीनचे चित्र सोळास नऊमध्ये रुंदीभर बसवायचे तर उंचीचा चौथा हिस्सा, म्हणजे १४४ रेषा टाकाव्या लागतात. गायकांचे फेटे कापले जाऊ नयेत म्हणून दुकानदाराने त्या सगळ्या खालून काढल्या होत्या. त्या १४४ रेषांत आमची आई होती. घरात तिचे तीन फोटो आहेत. हलणारे, बोलणारे चित्र तेवढे एकच.

धाकट्याला रात्री फोन केला. तो रागावेल असे वाटले होते. तो एवढेच म्हणाला, "कॅसेटी कुठं आहेत?" आम्ही सांगितले. तो पहाटेच्या गाडीने निघाला आणि दुकान उघडायच्या आधी शटरसमोर जाऊन उभा राहिला. आम्हीही पोचलो. भंगारासाठी बांधलेली गोणी मागच्या खोलीत होती, एक आधीच गेली होती. दुकानदाराने बिचाऱ्याने गोणी जमिनीवर ओतली आणि आमच्याबरोबर खाली बसून शोधू लागला. एक कॅसेट निघाली. मग दुसरी. तिसरी निघाली नाही. ती गेलेल्या गोणीत असावी.

पहिल्या दोन मिळाल्या यात आमचे कर्तृत्व काही नाही. तिसरीत पहाटेची गाणी होती, अण्णांचे सर्वांत आवडते वामनदादांचे गाणे त्यातच होते. घरी येऊन हे अण्णांना सांगणे हे आमच्या वाट्याचे काम होते. आम्ही सांगितले. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाणं कुणीही म्हणेल. ते राहू दे."

दोन्ही कॅसेटी पुन्हा उतरवल्या. या वेळी धाकटा दुकानात शेजारी बसला होता. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, घाई करता येत नाही. काही कापायचे नाही, चित्र आहे त्या प्रमाणात, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यायचे.

पुढच्या रविवारी अण्णांसमोर ती लावली. धाकट्याचे दोन जुने मित्रही आले होते. माइकची टकटक, ढोलकीला ओढ देणे, कुणाचे तरी हरवलेले मूल, सगळे आले. आणि तळाला, डावीकडे, हिरव्या पातळात आई. मांडीवर ताईची थोरली झोपलेली. एक गाणे संपले आणि निवेदकाने बक्षिसे वाचायला घेतली. त्यात अण्णांचे नाव घेऊन "यांच्या सौभाग्यवतींकडून पार्टीला अकरा रुपये" असे तो म्हणाला. तोच चित्रात आई उठलेली दिसली. मूल शेजारणीच्या मांडीवर देऊन ती मंचाच्या कडेला गेली आणि निवेदकाला काही तरी म्हणाली. तो हसला, माइकवर परत आला, आणि या वेळी त्याने तिचे स्वतःचे नाव घेऊन अकरा रुपये जाहीर केले. मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

अण्णा हसत होते आणि डोळेही पुसत होते. "घरी येऊन माझ्याशी भांडली होती," ते म्हणाले. "म्हणे, पैसे माझ्या शिवणकामाचे, तुमचं नाव कशाला?"

हा प्रसंग आम्हा तिघा भावंडांपैकी कुणालाही माहीत नव्हता. आणि पावत्या वाचणे म्हणजे फापटपसारा, तो काढा, असे आम्हीच सांगितले होते. ताईची थोरली, जी त्या चित्रात झोपलेली आहे, आज स्वतः दोन मुलांची आई आहे. तिने तो भाग चार वेळा लावायला सांगितला.

क्वीनच्या चाहत्यांचे एक बरे आहे. कापलेली कॅसेट निघाली तरी मूळ फीत कंपनीच्या तिजोरीत असते. २०११ साली तर वेम्बलीचा शुक्रवारचा, ११ तारखेचा कार्यक्रमही बाहेर काढून दिला. आपल्या वस्तीतल्या मुकाबल्याची दुसरी प्रत कुणाच्याही तिजोरीत नाही. ती तुमच्या-आमच्या कपाटात, माळ्यावर, जुन्या पेटीत आहे. म्हणून अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. कॅसेटीच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या, नाही तर फीतही जाईल आणि यंत्रही. कॅसेट पुस्तकासारखी उभी आणि कोरड्या जागी ठेवा. उतरवताना काही कापू नका, चित्र ताणू नका, पट्टे दिसले तर दिसू द्या. एकाऐवजी दोन प्रती करा आणि दुसरी दुसऱ्याच्या घरी ठेवा. मूळ कॅसेट कधीही टाकू नका. आणि उशीर करू नका. जगात व्हीसीआर बनवणारा शेवटचा कारखाना २०१६ साली बंद झाला. आता आहेत ती यंत्रे आहेत तोवरच.

आमच्या कपाटातली वाटणी आता मोडली आहे. दोन्ही कॅसेटी धाकट्याच्या वरच्या कप्प्यात, वेम्बलीच्या शेजारी उभ्या आहेत. तिसरीची जागा त्याने रिकामी ठेवली आहे. त्या रात्री वस्तीत आणखी कुणी शूटिंग केले होते का, याची चौकशी तो रविवारी घरोघर जाऊन करतो. परवा एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितले की त्यांच्या जावयाकडेही त्या रात्री कॅमेरा होता. जावई इगतपुरीला असतात. पुढच्या रविवारी आम्ही दोघे जाणार आहोत.