कागदावरचा दमा

बा रात्री आडवा होत नाही. भिंतीला पाठ लावून, मांडीवर उशी घेऊन बसतो. छातीत पिपाणी वाजते. आई उठते, पंप हातात देते. शेजारीण सांगते, पंपाची सवय लागंल. धुळीची सवय लागली तेव्हा कुणी काही म्हणलं नाही.

बानं सूतगिरणीच्या ब्लोरूममध्ये बावीस वर्षं काढली. कापसाच्या गाठी फोडायच्या. पाळी सुटली की केस, भुवया पांढऱ्याफेक. पण चौदा एप्रिलला बा गायला उभा राहिला की कळंबकडच्या चार गावांतली माणसं हलायची नाहीत. आता "चहा ठेव" म्हणताना मधेच श्वास घ्यावा लागतो. परसाकडं जाताना दोनदा टेकतो. गेल्या जयंतीला मिरवणूक दारावरून गेली. बा उंबऱ्यावर बसून नुसते ओठ हलवत होता.

डॉक्टरनं विचारलं, "बिडी किती ओढता?" बानं जन्मात बिडी ओढली नाही. काम काय करत होता, हे विचारलंच नाही. कागदावर लिहिलं, दमा.

मी मिळेल ते वाचून काढलं. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढं सैल पडते. वर्षं गेली की सगळे वार सारखे. हा रोग १९४८च्या फॅक्टरी कायद्याच्या यादीत होता, ईएसआयच्याही आहे. म्हणजे भरपाईचा दावा करता येतो. नुसता दमा लिहिला, की ज्याचं त्याचं नशीब. जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदललं. बाच्या रोगाचं खरं नाव कोण लिहिणार?

दोस्तहो, मुंबईच्या गिरण्या आठवा. जादा पगाराच्या विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे. त्याचा सवर्ण कामगारांना विटाळ. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांपुढं लावून धरला. आपल्या तोंडचा धागा चालत नव्हता. कापसाची धूळ आपल्या छातीत गेलेली मात्र चालत होती.

मी आज कार्डिंगला आहे. गेल्या महिन्यात सुट्टीवरून कामावर गेलो अन् छाती आवळली. दुसऱ्या दिवशी सैल. घरी सांगितलं नाही, इथं सांगतोय.

तुमच्या वस्तीत सूतगिरणीत राबणारं कुणी असेल, तर दोन गोष्टी विचारा. कोणत्या खात्यात आहेस? छाती कोणत्या वारी आवळते? वहीत तारखेसकट लिहा. ती वही डॉक्टरपुढं ठेवा, खरं नाव लिहून मागा.

पहिली वही बाची आहे. दुसरी माझी.