सोने स्वस्त झाले तर...

सोन्याचा भाव चढला की चार बायकांत हळहळ सुरू होते. परवा मी विचारले, "समजा, सोने लोखंडाइतके स्वस्त झाले, तर काय कराल?" एकजण म्हणाली, "पायापासून डोक्यापर्यंत मढवून घेईन!" पण भगिनींनो, जे घरोघरी आहे ते अंगावर मिरवून कोण पाहणार? तेव्हा मी ते मनातल्या मनात स्वयंपाकघरात नेले.

पहिले काम कल्हईचे. पितळेच्या पातेल्यात ताक, चिंचेची आमटी कळकते. सोन्याला आंबट, खारट काही बाधत नाही. आतून सोन्याचा मुलामा दिला की कल्हईवाल्याची वाट पाहणे संपले. सबंध हंडा मात्र सोन्याचा नको. सोने लोखंडाच्या जवळजवळ अडीचपट जड, आणि मऊ इतके की आपटताच पोचा पडेल.

दुसरे काम छपराचे. पत्र्यावर सोन्याचा जाडसर थर चढवला तर पावसाळ्यात गंजून भोके पडायची नाहीत. तिसरे विजेचे. चांदी आणि तांबे सोन्यापेक्षा वीज चांगली वाहून नेतात. पण ते काळवंडतात, सोने काळवंडत नाही. म्हणून तर मोबाइलच्या सिमकार्डावर सोन्याचा मुलामा असतो. मग घरातल्या प्रत्येक बटणातही तो घालता येईल.

असे पूर्वी घडलेही आहे. १८८४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियम बसवले, तेव्हा तो महागडा धातू होता. १८८६ साली विजेच्या साहाय्याने तो काढण्याची नवी रीत सापडली आणि पुढे भाव कोसळला. तोच धातू 'जर्मनची भांडी' म्हणून आपल्या चुलीवर आला.

पण एक काम स्वस्त सोन्याला जमणार नाही. माझ्या शाळेच्या फीसाठी आईचे डोरले दोनदा गहाण पडले आणि दोनदा सुटले. तिच्या नावावर ना घर होते, ना शेत. तिची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू. तिचा भाव पडला असता तर सावकाराने तिला दारात उभे केले नसते, आणि माझी शाळा तिथेच थांबली असती.

म्हणून सोन्याचा भाव कोणताही असो, घरातल्या बाईच्या स्वतःच्या नावाचे पासबुक असावे. मुलीसाठी तोळे जमवण्याआधी तिच्या शिक्षणाचे पैसे बाजूला काढावेत. डोरल्याचे काम आता त्यांनी करायचे आहे.