कुंडीचे अस्तर

मातीच्या कुंडीला आतून अस्तर लावावे, हे शहाणपण आम्हां दोघांना उशिरा आले. आणि ते कोणत्या पुस्तकातून आले नाही, एक मोगरा गमावून आले.

साताऱ्याचे घर २०१६ साली विकले. अंगणात एक रांजण होता. तो पाणी धरीनासा झाला, तेव्हा आईंनी बुडाला भोक पाडून त्यात मोगरा लावला. त्यालाही वीस वर्षे होऊन गेली होती. (आई म्हणजे आमच्यातील एकाची जन्मदात्री, दुसरीची सासू.) पुण्यातील तिसऱ्या मजल्यावर भरलेला रांजण चढवणे अशक्य, म्हणून मोगरा काढून न्यायचे ठरले. रांजण फोडला असता तर तो मातीसकट निघाला असता. पण रांजण जुन्या घडणीचा, पोटाला रुंद, तोंडाला अरुंद. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभेल, असा विचार आमच्या मनात होता, हे आज कबूल केले पाहिजे. आम्ही कडेने सुरी फिरवली, पाणी घातले, आणि ओढले. माती आत राहिली, मुळे तुटली, हातात नुसते झाड आले. एखादी फांदी आधी रुजवून ठेवावी, एवढेही सुचले नाही. पंधरवड्यात मोगरा वाळला. आई इतकेच म्हणाल्या, "अरे, रांजण फोडायचा होता. तो काय, पुन्हा मिळतो."

पुढे कुंड्या हाताळताना कारण उमगत गेले. भाजलेल्या मातीला झिलई नसते. तिच्या रंध्रांतून ओल बाहेर झिरपते, हवा आत येते. ओल आणि हवा दोन्ही मिळतात म्हणून बारीक मुळे भिंतीकडे धावतात, तिथेच जाळे विणतात आणि खापराच्या खडबडीत अंगाला चिकटतात. ज्या गुणामुळे झाड मातीच्या कुंडीत सुखाने वाढते, त्याच गुणामुळे ते तिच्यातून सुटत नाही.

म्हणून अस्तर. पहिल्या वर्षी आम्ही जाड प्लास्टिकचा कागद लावला. उन्हाळ्यात पाणी कमी लागले, तेव्हा आम्ही स्वतःवर खूश होतो. पावसाळ्यात मात्र कोंडलेल्या ओलीने अनंताची मुळे कुजली. रद्दीचे कागद लावून पाहिले. ते काही महिन्यांत मातीत विरले आणि मुळे पुन्हा भिंतीला भिडली. वर्षभरात हलवायच्या रोपाला तेवढे पुरते. आता आम्ही नारळाच्या काथ्याचा पातळ थर लावतो. आधी कुंडी पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे कोरडे खापर नव्या मातीतली ओल शोषून घेत नाही. मग भिंतीला काथ्या, बुडाचे भोक मोकळे. मुळे काथ्यात शिरतात, पण काथ्या खापराला धरून बसत नाही. झाड काढायच्या आदल्या दिवशी पाणी घालून, कुंडी आडवी करून काठावर थापट्या मारल्या, की मातीचा गोळा अखंड बाहेर येतो. हे सारे तोंडाशी रुंद असलेल्या कुंडीपुरतेच खरे. रांजणासारख्या आकारात अस्तर असूनही गोळा बाहेर येणार नाही.

लावतानाच काढण्याची सोय पाहणे आम्हांला प्रथम थोडे अप्रामाणिक वाटले होते. पण आम्ही वर्गात तरी दुसरे काय करतो? तीन वर्षांसाठी मुले येतात, रुजतात, आणि त्यांनी अखंड बाहेर पडावे अशीच आपली इच्छा असते. आपल्याला चिकटून राहिलेल्या विद्यार्थ्याचे कौतुक वाटते खरे, पण पुढे त्याचे काय होते, हे आपण सारे जाणतो. प्लास्टिकसारखा कोरडा दुरावाही कामाचा नाही. त्यात मुळे गुदमरतात. काथ्याएवढे अंतर राखणे आम्हांला अजून नेहमी जमतेच असे नाही.

आई २०२१ साली गेल्या. साताऱ्याहून येताना त्यांनाही आम्ही असेच ओढून आणले होते का, हा प्रश्न आम्ही एकमेकांना अजून विचारलेला नाही. रांजण दिवाणखान्यात आहे. येणारे-जाणारे त्याची घडण वाखाणतात. आत वाकून पाहिले, तर भिंतीवर वाळलेल्या मुळांची बारीक जाळी दिसते. ती आम्ही घासून काढलेली नाही.