चामडें शिवावयाचें यंत्र

आमच्या शांती नगरांत कापडाचीं शिवणयंत्रें माझ्या ओळखीच्या पुष्कळ घरीं आहेत. चामड्याचें यंत्र मात्र मीं कोणाकडे पाहिलेलें नव्हतें. आमचा धंदा पिढीजात चर्मकाराचा. आजोबा रांपी, आरी व मेणलेला दोरा एवढ्या साहित्यावर अजूनहि काम करितात. (शास्त्राच्या तासास याफो येथील शिमोन चांभाराचें नांव निघालें, व पेत्र त्याच्याच घरीं उतरला होता असें कळलें, तेव्हां मला फार बरें वाटलें.) वडील व काका चामडें कापून देतात आणि आई शिविते. तिचें जुनें कापडाचें यंत्र टांके गाळूं लागलें, तेव्हां नवें घेणें भाग पडलें. आईनें बाजूस ठेविलेले पैसे एका यंत्रापुरतेच होते. शिवाय ते मूळचे ताईच्या पुढील शिक्षणाचे. यंत्र नीट चाललें तरच ते जूनपर्यंत परत येणार होते.

चामड्याचें शिवणें कापडासारखें नव्हे. कापडांत सुई धाग्यांमधून वाट काढते. चामड्यास ती भोंक पाडिते, आणि तें भोंक पुन्हां बुजत नाहीं. टांके फार जवळ पडले तर टपालाच्या तिकिटांप्रमाणें चामडें त्याच रेषेवर फाटतें. म्हणून ३ ते ४ मिलिमीटरांचा टांका बरा. सुईहि निराळी, टोंकास पात्यासारखी धार असलेली. साध्या यंत्रांत माल पुढें सरकतो तो केवळ खालच्या दात्यांच्या जोरावर. वरचा पाय नुसता दाबून धरितो. त्यामुळें चामड्याचा वरचा पदर मागें राहतो आणि पट्ट्याच्या शेवटीं कडा जुळत नाहींत. ज्यास बाजारांत वॉकिंग फूट म्हणतात त्या चांगल्या यंत्रांत खालचे दाते, सुई व वरचा पाय हीं तिन्हीं एकाच वेळीं पाऊल टाकितात.

आजोबांच्या मनांत निराळेंच यंत्र होतें, सिंगरचें २९-के. त्याचा पाय वाटेल त्या दिशेस वळतो, त्यामुळें बुटाच्या आंतल्या ठिगळापर्यंत सुई पोंचते. स्कॉटलंडांतील क्लाइडबँकचा सिंगरचा कारखाना १९८० सालीं बंद पडला, तरी त्या घडणीचीं यंत्रें मोच्यांकडे अद्याप दिसतात. परंतु तें दुरुस्तीचें यंत्र. त्याची बॉबिन लहान, लांब शिवणीस पुरत नाहीं.

दुसऱ्या शनिवारीं आम्ही सर्वजण माहीमला उतरून धारावींत गेलों. वडिलांनीं डब्यांत आमचेच तुकडे घेतले होते: पाकिटाचें पातळ चामडें, ४ मिलिमीटरांचा पट्टा, आणि दोन पदरांचे एकाएकीं चार पदर होतात असा एक कोपरा. एका दुकानदारानें मेंढीच्या मऊ कातड्यावर यंत्र भरधाव चालवून दाखविलें. आईनें मोटार बंद करावयास सांगितली, आमचा कोपरा पायाखालीं ठेविला, आणि चाक आपल्या हातानें सावकाश फिरविलें. चार पदरांवर चढतांना टांका आंखूड पडला. उलटून पाहतां दोऱ्याची गांठ चामड्याच्या पोटांत न बसतां खालीं लोंबत होती. आम्ही तेथून निघालों.

पुढील दुकानांत मोटारीचा प्रश्न निघाला. तयार कपड्यांच्या कारखान्यांतील यंत्र मिनिटास ५००० टांके घालूं शकतें. तो वेग आम्हांस काय कामाचा? कोपऱ्यावर एकच टांका घालून थांबतां आलें पाहिजे. जुन्या पद्धतीची क्लच मोटार बटण दाबल्यापासून घोंघावत राहते. सर्व्हो मोटार पायटा दाबला तरच फिरते, आणि तिचा वेग आधींच बांधून ठेवितां येतो. आमच्या खालच्या मजल्यावर दहावीच्या परीक्षेस बसणारी मुलगी राहते, हें आई विसरली नव्हती.

खरा वाद झाला तो यंत्राच्या बैठकीवरून. सपाट बैठकीवर पट्टे उत्तम होतात. परंतु तयार पिशवीचा कोपरा तीवर पसरत नाहीं. त्यास नळीसारख्या बाहूचें यंत्र लागतें, आणि त्याची किंमत पुष्कळ अधिक होती.

“दादा, उद्यां पिशव्यांचें काम वाढेल,” काका म्हणाले.

“अरे, वाढेल तेव्हां पाहूं.”

“भाऊजी, वही काय सांगते तें तरी पाहा,” असें म्हणून आईनें पिशवींतून मागण्यांची वही काढली. गेल्या तीन महिन्यांचें बहुतेक काम पट्ट्यांचें व पाकिटांचें निघालें. पिशव्या बोटांवर मोजण्याइतक्या. काका कांहीं वेळ गप्प राहिले, मग स्वतःच भावाची घासाघीस करूं लागले.

सपाट बैठकीचें, वॉकिंग फुटाचें एक जुनें जपानी यंत्र ठरलें. आमचा कोपरा तें न अडखळतां चढून गेलें होतें. त्याचें नुसतें डोकें तीन मजले चढवावयास दोन माणसें लागलीं. आतां पट्टे व पाकिटें आई त्यावर करिते, आणि पिशव्यांचे कोपरे पूर्वींप्रमाणें आजोबांकडे जातात. वहींत आईनें एक नवें पान उघडलें आहे. यंत्राच्या किंमतीपैकीं किती रक्कम परत आली तें ती दर शनिवारीं त्यावर मांडते, आणि ताई तें पान न चुकतां पाहते.