रुमालातली अळंबी

मारुतीरायाला वनस्पतिशास्त्र येत नव्हते, हे आम्हां मोरा बंदरच्या लोकांइतके पक्के कुणालाच ठाऊक नसेल. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच मोऱ्याजवळ आली, की उरणच्या अंगाला द्रोणागिरीचा डोंगर दिसू लागतो. लक्ष्मणासाठी संजीवनी आणायला गेलेल्या मारुतीला नेमकी मुळी ओळखता येईना, म्हणून त्याने सगळा पर्वतच उचलला आणि लंकेकडे जाता जाता त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी आमच्याकडची कथा. लहानपणी ती ऐकताना मला मारुतीच्या बळाचे कौतुक वाटे. आता चाळिशी उलटल्यावर वाटते, की बळापेक्षा त्याचा प्रामाणिकपणा मोठा. ओळखता येत नाही म्हटल्यावर त्याने एखादी बरी दिसणारी मुळी उपटून ‘हीच ती’ असे काही म्हटले नाही.

मी म्हटले होते. त्याची ही हकीकत.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. शाळेत खालच्या वर्गांना मराठी शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही धंद्यांत माणसाला एक खोड लागते : आपल्याला सगळे कळते असे वाटू लागते. वर्गात कुणी उलट बोलत नाही आणि कादंबरीत तर पात्रे आपल्याच हुकमतीत असतात.

श्रावणात उरणच्या बाजारात टाकळा, कंटोळी, भारंगी अशा रानभाज्या येतात. त्यांच्यातच एक मावशी पानांच्या पुड्यांत अळंबी घेऊन बसतात. ती वारुळावरची. वाळवी आपल्या वारुळाच्या पोटात चघळलेल्या लाकूडपाल्याचे वाफे करते आणि त्यांवर या कवकाची चक्क शेती करते. पावसाळ्यात त्या शेतातूनच ही छत्री जमीन फोडून वर येते. तिचा देठ खाली मुळासारखा लांबच लांब वारुळात गेलेला असतो. माणसाला अजून ही शेती साधलेली नाही, वाळवीला मात्र साधते. म्हणून मावशींची पुडी महाग असते आणि भाव करणाऱ्याकडे त्या अशा नजरेने पाहतात, की तो निमूट पैसे काढतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर शाळेच्या मैदानाच्या कडेला, गवतात, तशाच पांढऱ्याशुभ्र छत्र्या उगवल्या. मी पिशवीभर घेऊन घरी आलो. सौभाग्यवती म्हणाली, “अहो, मावशींना एकदा दाखवून आणा.”

“त्यात काय दाखवायचे? दरवर्षी आणतो आपण. हीच ती.”

तिने आपल्या आजीची कसोटी लावली. पातेल्यात चांदीचे जोडवे टाकले. अळंबे विषारी असेल तर चांदी काळी पडते म्हणे. जोडवे लखलखीत राहिले. ओले खोबरे घालून केलेली ती भाजी अप्रतिम झाली होती, हे मला आजही कबूल करावे लागेल. मुलाला अळंबी बघूनच शिसारी येते. तो आमटीभात खाऊन उठला, म्हणून रात्री रिक्षा आणायला घरात एक माणूस तरी उभा राहिला. दोन तासांत आम्ही दोघेही उलट्यांनी बेजार झालो. पहाटेपर्यंत शेजारशेजारच्या खाटांवर सलाइन घेत पडलो होतो आणि ती माझ्याकडे एक शब्दही न बोलता पाहत होती. अशा वेळी बायको रागावली तर बरे वाटते.

“नशीबवान आहात,” डॉक्टर म्हणाले. “लगेच उलट्या झाल्या. उशिराने होतात, त्या जास्त वाईट.”

त्याचा अर्थ मी पुढे वाचून काढला. जी अळंबी खरोखर जीव घेतात, त्यांचे विष सहा ते बारा तास चूप बसते. मग उलट्या-जुलाब होतात. मग एखादा दिवस बरे वाटते, घरचे देवापुढे साखर ठेवतात, आणि तेवढ्या वेळात आत यकृत कामातून जाते. हे विष शिजवून मरत नाही, वाळवून मरत नाही, आणि चांदीला तर त्याचा पत्ताच लागत नाही. आसामात एप्रिल २०२२मध्ये रानातली अळंबी खाऊन तेरा माणसे गेली. पिढ्यान्‌पिढ्या अळंबी खाणाऱ्या मुलखातली माणसे होती ती.

सकाळी घरी आलो, तेव्हा पिशवीत उरलेले एक अळंबे स्टीलच्या ताटलीत तसेच पडले होते. उचलले तर खाली हिरवट धूळ सांडलेली. कुजले असेल, असे समजून मी फेकून दिले. ही धूळ म्हणजे अळंब्याचे बी, आणि उष्ण मुलखात हिरवळीवर सर्रास उगवणाऱ्या एका पांढऱ्या, देखण्या, पोट ढवळून काढणाऱ्या जातीची ती खूण आहे, हे मला फार नंतर समजले. छत्री कोवळी असते तेव्हा ती खूणही दिसत नाही.

आमचे स्मृतिकार या बाबतीत शहाणे म्हणायचे. मनुस्मृतीत लसूण-कांद्याच्या पंगतीतच कवके बसवून ती सगळी द्विजांना वर्ज्य करून टाकली आहेत. लसूण-कांद्यावरचा राग मला कळत नाही, पण कवकांपुरते मी त्या रात्रीनंतर काही बोलत नाही.

यंदाच्या श्रावणातली गोष्ट मात्र पोटाच्या दुखण्याइतकी सोपी नव्हती.

एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. दहावीपर्यंत माझ्या हाताखालून गेलेला, आता मुंबईला इंजिनिअरिंगला. गेल्या वर्षी त्याचे वडील वारले. त्याने खिशातून रुमाल काढून टेबलावर सोडला. आत सात अळंबी होती. डोंगराच्या पायथ्याला गुरे चरतात त्या माळावरची, काही शेणावरची, काही बाजूच्या गवतातली.

“सर, ही ती आहेत का बघा ना. मॅजिक मशरूम. फोनवरच्या फोटोशी जुळतात. खूणही जुळते.”

मला आधी रागच आला. कॉलेजचे चाळे, दुसरे काय! अमली पदार्थांचा १९८५चा कायदा त्याला ऐकवला. या अळंब्यांतले सिलोसायबिन हे द्रव्य त्या कायद्याच्या यादीत आहे. त्याने मान हलवली. त्याला ते ठाऊक होते.

“मजेसाठी नाही, सर,” तो म्हणाला. “अमेरिकेत हेच औषध उदास माणसांना देतात. वाचलंय मी. मला झोप येत नाही.”

वाचकहो, कादंबरीकार म्हणवणाऱ्या मला त्या क्षणापर्यंत त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे दिसली नव्हती. मी रुमालाकडेच बघत बसलो होतो.

आता काय सांगावे? ‘ही ती नव्हेत’ म्हणावे, तर मला काय कळते? ‘हीच ती’ तर मी एकदा म्हणून चुकलो होतो. मी पायांत चपला सरकवल्या आणि त्याला घेऊन बाजारात गेलो. मावशी टोपली आवरत होत्या. त्यांनी एक अळंबे उचलले, उलटे केले, वास घेतला आणि परत रुमालात ठेवले.

“मी हिला वलकत नाय, मास्तर.”

“विषारी आहे का, मावशी?” पोराने विचारले.

“वलकत नाय म्हनजे वलकत नाय, पोरा. परक्या मानसाला कोन इचारतो का, तू चोर हाय का साव? माजी आये मना एकच दावून गेली, वारुलावरची. तीच मी आनते.”

पन्नास वर्षे रानात फिरलेली बाई एका जातीपलीकडे हात लावत नाही. आणि आम्ही फोटोवरून सात अळंब्यांची जात ठरवत होतो.

त्याच्या आईला निरोप धाडून मी त्याला रात्री घरीच ठेवून घेतले. जेवण झाल्यावर आम्ही ओटीवर बसलो. त्याने वाचले होते ते मला सांगितले, मी वाचले होते ते त्याला सांगितले. मेक्सिकोतल्या डोंगरात हुआउत्ला नावाचे गाव आहे. तिथल्या मारिया साबिना नावाच्या बाईने १९५५ साली वासन नावाच्या एका अमेरिकन बँकवाल्याला आपल्या रात्रीच्या विधीत बसू दिले. ती अळंबी तिला लहानपणापासून ठाऊक होती. ती घ्यायची आजाऱ्यासाठी, दुखण्याचे मूळ शोधायला. १९५७मध्ये वासनने ‘लाइफ’ साप्ताहिकात लेख लिहिला आणि मग त्या गावात हौशी लोकांची रीघ लागली. गाव बाईवर उलटले, तिचे घर जाळले गेले. १९५८मध्ये हॉफमान या स्विस रसायनशास्त्रज्ञाने त्या अळंब्यांतले द्रव्य वेगळे काढले. पुढे याच वासनने १९६८मध्ये ग्रंथ लिहून आपल्या वेदांतला सोम म्हणजे एक अळंबेच, असा दावा मांडला. ऋग्वेदाचे अख्खे नववे मंडल सोमाचे, पण ती वनस्पती कोणती यावर पंडितांचे आजही एकमत नाही. संजीवनी गेली, सोम गेला. ओळख सांगणारी माणसे गेली, की नाव तेवढे उरते.

“आणि अमेरिकेतले ते औषध?” मी म्हणालो. “२०१६मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या ५१ रोग्यांना ते दिले, हे तू वाचलेस. पण ते मोजून-मापून, प्रयोगशाळेत केलेले. आधी कितीतरी बैठका घेऊन. आणि दिले तेव्हा उशाशी दोन माणसे दिवसभर बसून होती.”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “माझ्या रूमवर कुणीच नसतं, सर.”

त्यानंतर तो बोलू लागला तो रात्री दोनपर्यंत. वडिलांविषयी. ते लाँचवर तिकिटे फाडायचे. २०२४च्या जानेवारीत उरणला लोकल आली, तेव्हा ‘आता आमचे दिवस भरले’ असे हसत म्हणाले होते. शेवटच्या दिवशी ओहोटीमुळे लाँच बंद होती, लोकल नेरूळमार्गे धरेपर्यंत उशीर झाला, आणि हा पोचला तेव्हा सगळे आटोपले होते. त्याच्या मनातून जात नव्हते ते एवढेच. मी काही समजूत घातली नाही. मला सुचलीही नाही.

झोपायला जाण्यापूर्वी एक उद्योग मात्र केला. कुठेतरी वाचले होते, की अळंब्याचा देठ कापून छत्री रात्रभर कागदावर पालथी ठेवली तर तिचे बी खाली पडते. घरात कोरा कागद सापडेना, म्हणून माझ्या नव्या कादंबरीच्या हस्तलिखिताची पाने उलटी अंथरली, त्यांवर सातही छत्र्या मांडल्या आणि वर वाट्या झाकल्या. आपल्याला जात ओळखता येईल अशी आशा नव्हती. सातही एकच आहेत की काय, एवढे तरी कळावे.

सकाळी चहापूर्वीच आम्ही दोघांनी वाट्या उचलल्या. चार छत्र्या जागेवर नव्हत्याच. त्यांच्या जागी काळ्याभोर शाईची चार थारोळी होती. शेणावर, उकिरड्यावर उगवणारी ही एक जमातच आहे. बी झडायच्या वेळी ती आपली आपण विरघळून शाई होते. त्या शाईने पूर्वी खरोखरच लिहीत असत. या जमातीतले एक भाऊबंद तर दारूबरोबर पोटात गेले, की माणसाचा चेहरा लालबुंद होऊन छाती धडधडू लागते. दोन छत्र्यांनी तपकिरी पूड सोडली होती. त्या कोण कुठल्या, ते मला आजही ठाऊक नाही. आणि सातव्या वाटीखाली हिरवट धूळ होती.

मी काही बोलण्याआधी सौभाग्यवती चहाचा ट्रे घेऊन आली. तिने त्या हिरव्या गोलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. ट्रे खाली ठेवला.

“तुझ्याच रुमालात होती ना ही?” तिने पोराला विचारले.

“हो, मावशी.”

“यांनी मागे मला हीच खाऊ घातली होती,” ती म्हणाली.

पोराने माझ्याकडे पाहिले आणि हसला. वडील गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिले नव्हते. खरे म्हणजे पाहिलेच नव्हते, हसताना किंवा न हसताना.

पुढच्या आठवड्यात त्याच्या आईला घेऊन आम्ही पनवेलला मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळ्या चालू आहेत. शनिवारी लाँच असेल तर लाँचने, नाहीतर लोकलने तो घरी येतो आणि येताना बाजारातून मावशींना हाक मारून येतो. श्रावण सरला तशी त्यांची टोपलीही बदलली. हल्ली त्यांच्यापुढे काकड्या असतात.

ती उलटी अंथरलेली पाने तेराव्या प्रकरणाची होती. शाई कागदातून पलीकडे उतरली आहे आणि नायिकेच्या पत्राच्या चार ओळी तिच्याखाली गेल्या आहेत. आठवून पुन्हा लिहाव्यात म्हणून दोनदा बसलो. अजून जमलेले नाही.