आमच्या नानाची नात

कृषी विस्तार अधिकारी म्हणून माझी २९ वर्षे झाली. वाफसा साधा, वाफसा गेल्यावर पेरून उपयोग नाही, हे सांगण्यात माझी निम्मी हयात गेली. आणि माझ्याच घरातला वाफसा निघून चालला होता, तो मला दिसला नाही.

माझा धाकटा भाऊ नाना जन्मापासून बहिरा, म्हणून मुकाही. बैलांशी त्याचे खुणांनी जमते, माणसांशीही जमते. त्याच्या मुलाने मामाचीच मुलगी केली. (एकच वळू गावात वर्षानुवर्षे ठेवू नका, असे मी सभांतून सांगत आलो. जवळच्या नात्यातल्या लग्नांनीही असे जन्मजात दोष वाढतात, हे घरात सांगायला माझी जीभ रेटली नाही.) त्यांची मुलगी दीड वर्षाची झाली तरी हाकेला वळेना. सूनबाई म्हणाली, "आप्पा, मागं ताट पडलं तरी हिला कळत नाही." मी म्हणालो, "आपल्याकडची पोरं उशिराच बोलतात." एका डॉक्टरांनीही पाच वर्षांपर्यंत वाट पाहा म्हटले. आठ महिने असेच गेले. अखेर अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाने चिठ्ठी दिली आणि आम्ही शहर गाठले.

तिथे पोरीला झोपवून बेरा नावाची तपासणी केली. आवाज दिल्यावर कानाची नस जागी होते की नाही, हे त्यात कळते. दोन्ही कान जवळजवळ निकामी निघाले. मला वाटले, आता ऑपरेशनची तारीख देतील. पण तसे नसते, मंडळी. आधी दोन्ही कानांना साधी श्रवणयंत्रे लावून तीन महिने शिकवणी झाली. ज्याचे त्यावर भागते त्याला ऑपरेशन कशाला? कान फुटला असेल, पडद्याला भोक असेल, तर त्याचे उपाय निराळे. आमच्या पोरीला यंत्राने ढोलसुद्धा नीट कळला नाही, तेव्हा गाडी पुढे सरकली.

मग डोक्याचे फोटो. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये त्या शंखात बारीक तार सरकवतात. कानामागचे यंत्र बाहेरचा आवाज पकडून आत पाठवते आणि तार नसेला विजेचे हलके टोले देते. ऑस्ट्रेलियातले डॉ. ग्रॅम क्लार्क यांना १९७७ साली, ही तार आत जावी कशी, याचे उत्तर समुद्रकिनाऱ्यावर शंखात गवताची काडी सारून पाहताना सापडले. गवताच्या काडीने, बरे का! पण शंख नीट घडलेला हवा आणि नस असायला हवी. विहिरीपासून पाइपच नसेल तर मोटार बसवून काय करायचे? मेंदूज्वराने कान गेला असेल तर मात्र घाई करावी लागते, कारण शंखात हाड भरू लागते.

आमच्या पोरीची नस शाबूत निघाली. त्या दिवशी नाना बरोबर होता. त्याने डॉक्टरांच्या टेबलावरचे यंत्र उचलले, आपल्या कानाला लावले आणि बोटाने स्वतःकडे खूण केली. मला?

डॉक्टरीणबाई भल्या. त्यांनी त्याच्याकडे बघत सावकाश सांगितले, मी खुणांनी पोचवले. साठीतल्या माणसाचा कान उतारवयात गेला तर त्यालाही हे बसते, कारण बोली त्याच्या डोक्यात आधीच रुजलेली असते. नानाच्या डोक्यात बावन्न वर्षे आवाजच पोचलेला नाही. आता पोचला तरी त्याचे शब्द व्हायचे नाहीत. नानाने यंत्र जागेवर ठेवले आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

खर्चाची काळजी मला होती. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत गरजू कुटुंबांना मदत मिळते; जन्मतः बहिऱ्या मुलाचा अर्ज मात्र पाच वर्षांच्या आत करावा लागतो. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ते काम पाहते. पाच वर्षे थांबलो असतो तर काय झाले असते, याचा विचार मी अजून रात्री करतो.

पण सर्वांत अवघड प्रश्न शिकवणीच्या बाईंनी सूनबाईला विचारला, "हिच्याशी दिवसभर बोलणार कोण?" यंत्र बसल्यावर ऐकणे आपोआप येत नाही. वर्ष-दोन वर्षे शिकवणीला न्यायचे, घरी प्रत्येक वस्तूचे नाव शंभरदा घ्यायचे, यंत्र घामापासून नि पाण्यापासून जपायचे, बॅटऱ्या, वायरी बदलायच्या. हे करणारे माणूस घरात आहे का, तेही पाहूनच मूल निवडतात. सूनबाईने शहरात खोली घेऊन राहायचे ठरवले. घरी आल्यावर तिच्या सासूने विचारले, "अन् म्हशींचं काय?" कोणी बोलेना. रुसवाफुगवा झाला, चूल थंडच राहिली.

ओठ वाचून नानाला सारे समजले होते. पहाटे उठून पाहतो तर गोठ्यात कंदील. नाना चरवी घेऊन धार काढायला बसलेला.

येत्या सोमवारी पोरीचे ऑपरेशन आहे.